चाळीस घरांची गोधडी

झुराकानने ढिगातून निळ्या मखमलीचा झगा ओढून काढला आणि उजेडाकडे धरला. कुठे विरलेला नाही, कसर लागलेली नाही, आणि भाव किलोवर. नारिन शहरातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात सकाळपासून पाय तुटेस्तोवर हिंडल्यावर पहिल्यांदा असं काही हाती लागलं होतं.

"कुणाचा गं हा?"

"माझ्या सासूचा," विकणारी बुरुल म्हणाली. "नव्वदीला गेली. शेवटपर्यंत हिंडती-फिरती."

झुराकानला हायसं वाटलं. सुनेची आधीची दोन्ही बाळं चाळीस दिवसही जगली नव्हती आणि तिसरं आता आठवड्यावर आलं होतं. भरल्या घरांतून, पिकल्या माणसांच्या अंगावरून मागून आणलेल्या चाळीस तुकड्यांची गोधडी बाळाखाली घातली की त्यांचं आयुष्य बाळाला लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मागायचं कुणाकडे? निम्मं गाव रशियात कामाला, दारांना कुलपं. सव्वीस तुकड्यांवर गाडी अडली होती. म्हणून ही बाजारातली पायपीट आणि प्रत्येक कपड्यामागे तोच प्रश्न. सकाळी एका दुकानदाराने तर विचारलंच होतं, "मावशी, पॅन्टचा जन्मदाखला दाखवू का?"

तिने झगा उलटा केला, शिवण पाहिली, कंबरेवर वीत ठेवली. पुन्हा ठेवली.

"नव्वदीच्या म्हातारीची कंबर एवढीशी?"

बुरुल उगाच ढीग सारखा करू लागली.

"अगं, बोल ना. नातवंडाखाली घालायचाय मला!"

"माझ्या धाकट्या लेकीचा आहे," बुरुल म्हणाली. "एकोणिसाव्या वर्षी गेली. घरात ठेववत नाही, फेकवत नाही." आणि तिने झगा ओढून घेतला. "नको नेऊस."

झुराकानने नकळत तळवे स्वतःच्या कपड्यांना पुसले. बुरुलने ते पाहिलं.

"लाज नाही वाटली खोटं बोलायला?" झुराकान म्हणाली.

"वाटते, ताई. पण ऐक. आठ लेकरं झाली मला. सात धडधाकट आहेत. आधी गावातल्या बायका माझ्याच दारी पहिला तुकडा मागायला यायच्या. धाकटी गेल्यापासून एक फिरकली नाही. शेजारणीसुद्धा दार टाळून पुढच्या घरी जातात."

झुराकान पिशवी उचलून तरातरा निघाली. चार दुकानं ओलांडून थांबली. गेल्याच महिन्यात गल्लीतलं असंच एक दार टाळून ती पुढे गेली होती, मान खाली घालून.

ती परत आली. सुनेला कळलं तर? बाळाला काही झालं तर?

"डोक्यावरचा रुमाल तुझाच ना?" तिने विचारलं.

"माझाच. का?"

"एक तुकडा दे त्याचा. विकत नको. मागायला आलेय."

बुरुलने रुमालाची गाठ सोडली, तो गुडघ्यावर पसरला आणि कात्री घेतली.

"मधला कापते," ती म्हणाली. "कडा विरल्यात."