लाल दोऱ्याचे टाके

शिंपीमामाच्या दुकानात बटणं लावून लावून चिंगीने सात महिन्यांत गाडीभाडं जमवलं होतं. आई दूरच्या इस्पितळात होती आणि उद्या तिचं ऑपरेशन होतं. घरी ठेवले तर पैसे बापाच्या हाताला लागायचे, म्हणून चिंगीने नोटा दुकानातल्या एका राखाडी कोटाच्या अस्तरात शिवून टाकल्या होत्या. तो कोट न्यायला दोन वर्षं कुणी फिरकलं नव्हतं.

आज खुंटी रिकामी होती.

"मामा, कोट कुठाय?"

"गेला एकदाचा! सकाळी गिऱ्हाईक उगवलं. चारच्या गाडीने जायचंय म्हणाला. बला टळली बघ!"

हातातल्या कात्रीसकट चिंगी एसटी स्टँडकडे पळत सुटली. गाडी हलली होती, तरी दांडी धरून ती कशीबशी आत चढली.

"तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

खिडकीपाशी तो राखाडी कोट बसला होता.

"माझे पैसे या काकांच्या पाठीत आहेत," ती धापा टाकत म्हणाली.

सगळी गाडी खो खो हसली. "काका, पाठ सांभाळा, पोरीकडे कात्री आहे!"

"उतर खाली," कंडक्टर म्हणाला.

"अस्तराला तीन लाल टाके असतील. मीच घातलेत. उद्या आईचं..."

त्या माणसाने कोट काढला, उलटा करून मांडीवर पसरला. टाके होते.

"उसव," तो म्हणाला. "पण बेताने हं. दोन वर्षांनी हाती आलाय."