लीलाबाईंच्या चार खेपा

हेमंतनं सुखदेवला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या मागं उभा राहिला.

"गजाननरावांच्या नावावर एक खेप टाक."

सुखदेवनं दोन बोटांनी नाव टाइप केलं. कालच्या सभेत त्याला कामावरून काढलं होतं, त्यामुळे आज त्या खुर्चीला पाठ टेकायचीही त्याला चोरी झाली होती. पडद्यावर गजाननरावांच्या नावापुढच्या चारचे पाच झाले. खाली, यादीच्या अगदी शेवटी, लीलाबाईंच्या नावापुढच्या चारचेही पाच झाले.

"पाहा," हेमंत म्हणाला. "यानं तुमच्या नावाला हातसुद्धा लावला नाही. तरी आकडा वाढला."

टेबलापलीकडे रामाकोन्याच्या लीलाबाई डोक्यावरचा पदर सावरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी संत्रा उत्पादकांच्या संस्थेचे अध्यक्ष नत्थूजी. दोघांनी पडद्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. सौसरच्या त्या ऑफिसात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं, तरी त्याच्याकडे पाहताना नत्थूजी अजून चष्मा पुसून घेत.

संस्थेचे तीन ट्रक आंबिया बहाराची, हिवाळ्याच्या तोंडावर निघणारी संत्री नागपूरच्या बाजारात नेत. ज्याच्या खेपा सगळ्यात कमी, त्याचा माल आधी. दोघांच्या सारख्या असतील तर यादीत ज्याचं नाव वर, त्याचा आधी, असा नियम होता. लीलाबाई दसऱ्याच्या सुमारास सभासद झाल्या. नोव्हेंबर सरत आला तरी त्यांच्या बागेतलं एकही फळ ट्रकवर चढलं नव्हतं, आणि पडद्यावर मात्र त्यांच्या नावानं चार खेपा. निम्मी फळं झाडाखाली सडली. नावं टाकण्याचं काम सुखदेवचं, तेव्हा यादीत वर असलेल्या गजाननरावांचं भलं करायला त्यानंच हे केलं, असं सभेनं गृहीत धरलं. सुखदेव लीलाबाईंच्याच वस्तीतला. त्याला ही खुर्ची मिळाली तेव्हा त्यांनी वस्तीत घरोघर पेढे वाटले होते. आता महिनाभर त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

"चूक माझी आहे," हेमंत म्हणाला. "नीट सांगतो."

हेमंत कॉलेजात गणित शिकवायचा. उन्हाळ्यात तो कॉम्प्युटरच्या शिबिराला गेला होता. तिथल्या शिक्षकांनी क्लास शिकवला: सभासदाचा एक साचा करायचा, त्यातून एकेक सभासद पाडायचा, नाव, गाव, खेपा सगळं त्यात ठेवायचं. हेमंतला ते पटलं नाही. त्यांच्या त्या पद्धतीत खेपांचा आकडा उघड्यावरच राहायचा, कोणीही येऊन बदलावा. त्यापेक्षा क्लोजर त्याला आवडलं. त्यात साचाबिचा काही नाही. एक फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, स्वतःच्या आत आकडा तयार करतं आणि एक लहान फंक्शन बाहेर देतं. ते लहान फंक्शन कुठंही गेलं तरी आपला आकडा सोबत घेऊन जातं, आणि त्याच्याशिवाय त्या आकड्याला दुसऱ्या कोणाला शिवता येत नाही. संस्थेचा प्रोग्राम लिहिताना प्रत्येक सभासदाला त्यानं असं एकेक फंक्शन करून दिलं. बाहेरून कोणाच्या बापाला बदलता येणार नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्या वाक्याची आता त्याला मनापासून लाज वाटत होती.

"तुम्ही सभासद झालात तेव्हा तुमच्यासाठी नवीन फंक्शन करायचं होतं," तो लीलाबाईंना म्हणाला. "मला पांढुर्ण्याची बस धरायची होती. चाचणीपुरतं म्हणून मी गजाननरावांचंच तुमच्या नावाला जोडलं अन् तसंच राहिलं. नावं दोन, आत आकडा एकच. त्यांचा ट्रक गेला की तुमचाही गेला असं दिसते. आकडे सारखे झाले की नाव वर त्यांचं. तुमची पाळी कधी आलीच नसती."

"अन् हा बदलू शकत नव्हता?" नत्थूजींनी सुखदेवकडे बोट केलं.

"नाही. आत जायला रस्ताच नाही. मीच ठेवला नाही."

नत्थूजी हसले, आणि त्यांनी हेमंतच्या पाठीवर हात ठेवला.

"सर, तुमचं मन लय मोठं आहे. गरिबाची नोकरी जाऊन राहिली म्हणून अंगावर घेऊन राहिले तुम्ही."

"अंगावर नाही घेत. आत्ता दाखवलं ना तुम्हाला."

"दाखवलं. पण मशीन तुमची. तुम्ही सांगाल ते करन ते."

लीलाबाईंनी मान हलवली. "मास्तर, तुमी देवमाणूस आहा," त्या म्हणाल्या. "पण आपल्याच माणसानं केलं तं केलं म्हणा लागते. त्याच्या मायनं मले बहीण मानलं होतं."

सुखदेवनं हात मांडीवर घेतले. हेमंतला वाटलं, आता इथून निघालं तरी चालेल. खरं बोलून झालं होतं. लोकांनी मानलं नाही, त्याला तो काय करणार? उलट गावात त्याचं नावच झालं असतं. हा विचार आला तशी त्याला स्वतःची किळस आली. त्यानं स्टूल ओढलं आणि लीलाबाईंच्या समोर बसला.

"यानं मला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दिवाळीच्या आधी. दोन आकडे सोबतच वाढून राहिले सर, एकदा पाहून घ्या, म्हणाला. मी पाहिलं नाही. तू नावं टाक, म्हटलं. आतलं तुला काय समजते, म्हटलं."

नत्थूजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही. बाहेर ट्रकवर पेट्या चढवणाऱ्यांचा गलका चालला होता. लीलाबाईंनी हेमंतच्या तोंडाकडे पाहिलं. ह्या वेळी त्यांना त्यात मोठेपणा दिसला नसावा. मग त्या खुर्चीतच वळल्या.

"काऊन रे सुखदेव, मग मले काऊन नाही सांगितलं?"

"सर म्हणाले होते न मावशी, बाहेर बोलू नको म्हणून. लोकायचा मशीनवरचा भरोसा उडते म्हणे."

"अन् काल? काल तं भर सभेत तुले काढून राहिले होते. तवा तरी तोंड उघडाचं होतं."

सुखदेवनं हेमंतकडे पाहिलं नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर हेमंतला बरं वाटलं असतं.

"सर होते न तिथं," तो म्हणाला. "समोरच बसले होते. मले वाटलं, ते सांगतीन."