कमरेचा पोचा

पत्रा

खांब जागचा हलला नव्हता, हे नवऱ्याला मान्य होतं. गाडी वळवताना ड्रायव्हरच्या दाराला पोचा पडला होता, हेही मान्य होतं. अडचण नियमाची होती आणि नियम त्यानेच केला होता: ज्याच्या हातून पोचा पडेल, त्याने चावी कायमची दुसऱ्याकडे द्यायची.

बायको बाहेरगावी होती. तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं.

"ताईला कळता कामा नये."

"भाऊजी, माझ्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहितेय. खांब काय म्हणाला?"

"काम कर."

पुट्टी

मेव्हण्याने पोचा आतून ठोकून वर काढला. भोवतीचा रंग पत्र्यापर्यंत घासला. पुट्टीत मटाराएवढं हार्डनर कालवलं. आता घाई. पुट्टी थांबत नाही. पट्टी ओढली. पुन्हा ओढली. भरलं.

गोळाभर उरली.

"फेकू?"

"फेकतोस काय, चांगला माल. इथे लाव."

इथे म्हणजे वीतभर वरच्या जुन्या, उथळ पोच्यात. दार नीट लागत नसे, म्हणून बायको ते रोज कमरेने ढकलायची. त्यातून तो झालेला. कमरेचा धरायचा नाही, असं नियमातच होतं.

"तिथला रंग घासला नाही तर पुट्टी धरणार नाही."

"अरे, घट्ट होतेय."

लावली.

घासकाम

घास. हात फिरव. घास. डोळे मिटून हात फिरव.

रंग

दारात तोंड दिसत होतं. नवऱ्याने भांग नीट केला.

पुन्हा पत्रा

बायको आली. "गाडी धुतलीत वाटतं," म्हणाली आणि बाजारात जाऊन आली. उतरली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या. सवयीने कमरेने दार ढकललं.

टक्.

पायाशी एक तुकडा पडला. एका बाजूने रंग, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत फुगवटा. तिने पिशव्या खाली ठेवल्या, तुकडा उचलून दाराच्या खळग्यात बसवून पाहिला. बसला.

"हे माझं माप. माझा पोचा भरायला तुम्ही गॅरेजात गेलात?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्याची नजर वीतभर खाली गेली, जिथे काहीच नव्हतं. तिने ती नजर पाहिली आणि फोन लावला.

"काय रे, आणखी कुठे भरलंस?"

"वीतभर खाली, ताई. खांबाचा. भाऊजी शेजारी आहेत का?"

शेजारीच होते. चावी तिच्यापुढे धरून.

"खालचं काम छान झालंय हो," ती बोट फिरवत म्हणाली. "मला जन्मात कळलं नसतं. उरलेली कशाला लावलीत?"

"वाया गेली असती."

ती इतकी हसली की तिला दाराला टेकावं लागलं. मग चावी घेऊन ती गाडीत बसली.

"कुठे निघालीस?"

"गाडी नीट लावते. तुम्ही मागे उभे राहा. खांब हलला तर सांगा."