चॉकलेटी रंगाखालचं नाव

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. फौजेतल्या माणसाची पेटी. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, इंगळ्यांच्या घरात पन्नासहून जास्त वर्षं पडून आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, मनातून म्हणत नाही. तुमच्यातले निम्मेअधिक जण रविवारी सोफ्यावर तंगड्या पसरून, पोह्यांवर शेव भुरभुरवत दुसऱ्याचं मरण बघतात, हे मला ठाऊक आहे.

ठाऊक आहे, कारण टीव्ही माझ्या डोक्यावरच ठेवलेला आहे. चित्र मला कधी दिसत नाही. माझ्यावर टाकलेल्या जाळीदार रुमालाच्या भोकांतून दिसतात ती समोर बसलेली माणसं. तोफ उडाली की माझं झाकण थरथरतं, आणि नेमका तेव्हाच समोरच्याच्या तोंडात घास जात असतो.

माझा जन्म महूचा. बाजारातल्या अशोक पेटीवाल्याने मला ठोकून उभी केली, काळा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'शिपाई दौलत इंगळे'. दौलत मला खांद्यावर घेऊन रेल्वेत चढायचा, माझ्यावर कागद ठेवून घरी पत्रं लिहायचा. "माझी पेटी म्हणजे अर्धं घर आहे," असं सोबत्यांना सांगायचा. मला ते फार आवडायचं.

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला आणि मी परत आले. आत एक मग होता, दाढीचा ब्रश होता, त्याच्या बायकोने, गयाबाईने लिहिलेली चार पत्रं होती, आणि तीन वर्षांच्या तात्यासाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट होते. मी पोचले तोवर तात्याचा पाय वाढला होता. गयाबाईने बूट एकदा त्याच्या पायाला लावून बघितले, पुन्हा आत ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

तो तात्या आता विमा कंपनीतला तात्याराव साहेब आहे. मी त्याला तात्याच म्हणणार. बापाचा चेहरा त्याला आठवत नाही, पण टीव्हीवरची लढाई तो एकही सोडत नाही. पंधरा वर्षांपूर्वी गयाबाई बहिणीकडे महूला गेली होती, तेव्हा त्याने मला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. सोफ्याला शोभेल असा. हुद्दा गेला, नावही गेलं. गयाबाई परत आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि वरून रुमाल टाकला. तेव्हापासून माझा त्या माणसावर राग आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने, संबोधीने, विजय नगरला फ्लॅट घेतला. आता सगळं घर तिकडे हलणार, आणि तिथे टीव्ही भिंतीवर लागणार. "मग ही पेटी कबाड्याला भंगारात देऊन टाकू," तात्या म्हणाला. ऐंशीच्या पुढे गेलेल्या गयाबाईला घरात विचारतंय कोण?

मग हा रविवार आला.

"आई, इथे सामने बस," तात्या म्हणाला. "बाबांच्या लढाईवर डॉक्युमेंट्री आहे. एकदम असली फुटेज."

आपण आईला मान देतोय असंच त्याला वाटत होतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

गयाबाई पोह्यांची प्लेट घेऊन पडद्याजवळ सरकली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, पुन्हा डावीकडून उजवीकडे. फौजी रांगेने चालले असावेत. ती एकेकाचं तोंड बघून सोडत होती. इतक्यात निवेदकाचा भारदस्त आवाज माझ्या पत्र्यात घुमला, "इस मोर्चे पर हमारा नुकसान नगण्य रहा."

"नगण्य म्हणजे?" गयाबाईने विचारलं.

"म्हणजे खूप कमी, आजी," संबोधी म्हणाली. "गिनतीत न धरण्याइतकं."

गयाबाईने तोंडाशी नेलेला चमचा खाली ठेवला. पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "थांबव गं ते. ही पोरं जेवतायत ना, इथेच थांबव."

"आई, असली लढाई तर आत्ता सुरू होणार आहे."

"म्हणूनच थांबव म्हणते."

संबोधीने चित्र थांबवलं. तात्या चिडला. "चालू कर, संबोधी. बाबांनी दहा तरी उडवले असतील तिथे. प्राउड वाटायला पाहिजे आपल्याला."

"तुझ्या बाबांना कोंबडी कापवत नव्हती," गयाबाई म्हणाली. "शेजारच्या आनंदीबाईकडून कापून आणायचे. आणि तू त्यांच्या हातून दहा मुडदे पाडतोस, इथे बसून."

"आई, शहीद होते ते. शहिदांबद्दल असं नाही बोलत."

"मग शहिदाचं नाव सांग. आणि त्या नावावर रंग कोणी मारला, तेही सांग."

तात्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "गंज लागला होता, आई."

"संबोधी, हा टीव्ही उचल हिच्यावरून."

वायर पुरली तेवढ्या अंतरावर, समोरच्या खुर्चीत संबोधीने टीव्ही ठेवला. गयाबाईने रुमाल ओढून काढला आणि पोह्यांच्या चमच्याने माझं झाकण खरवडायला लागली. दुखलं मला. चॉकलेटी पापुद्रे तिच्या लुगड्यावर पडत होते. 'शिपाई' निघालं. 'दौलत' काढता काढता तिचा हात थकला. तेव्हा तात्या खाली बसला आणि तिच्या हातातून चमचा घेतला. राहिलेलं आडनाव त्याने खरवडून काढलं. रडत होता. म्हणून मी त्याला माफ केलं, असं समजू नका.

"पेटी आपल्यासोबत येईल, आई," तो म्हणाला.

"येईलच," गयाबाई म्हणाली. "मी तिच्यावर बसून येईन."

पडदा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. दहा-बारा पोरं जमिनीवर बसून जेवत होती. एकाच्या हातात दौलतकडे होता तसाच मग होता. तो दौलत नव्हता. पण तो हसत होता, आणि लढाई मिनिटभरावर आली होती.

तर मित्रांनो, माझी निगा राखा, मला पुसूनबिसून ठेवा, असलं मी काही मागत नाही. गंज चढला तर चढू दे. नावावर तेवढा रंग देऊ नका. आणि पुन्हा कोणी नगण्य म्हणालं, तर हातातला घास खाली ठेवा आणि विचारा, त्या नगण्यातल्या एकाच्या पेटीत बूट कोणाच्या मापाचे होते.