गाठ कोरडी झाली की

मोसंबीची पानं वळायला लागली, तशी बायनाबाई हवालदिल झाली. धारूरच्या डोंगराखालच्या खडकाळ रानात, नवऱ्यामागं लेकरावानी वाढवलेली बाग ती! लेक आदिनाथनं जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या आणला. गावविहिरीच्या वरल्या अंगाला त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला. तिथं बायनाबाईचा तीन वर्षांपूर्वीचा एक बोअर होताच. त्याच्या शेजारी आणखी खोल दुसरा बोअर घ्यायचं ठरलं आणि सकाळी बोअरची गाडी येऊन उभी राहिली.

सून सत्यशीला मात्र आडवी आली. ती दर सोमवारी गाठी मारलेली दोरी गावविहिरीत सोडून पाणी मोजायची. सासू त्याला रिकामटेकडीचा खेळ म्हणायची. तालुक्याच्या शिबिरात सुनेनं समुद्रातल्या एका इवल्या देशाचं ऐकलं होतं. तिथं जास्त उपसलं की गोड्या पाण्यात खारं पाणी शिरतं, म्हणून कुणी किती उपसायचं ते अख्खा देश बसून ठरवतो.

"आपल्याकडं कुठला आलाय समुंदर?" सासूनं टोमणा मारला.

"त्यांच्या खाली खारं का व्हईना, पाणी हाय, आत्या. आपल्या खाली नुसता खडक. चला, डोळ्यानं बघा."

बायनाबाई तणतणत विहिरीवर गेली. दोरीच्या चार गाठी भिजून आल्या. मग सत्यशीलानं जुन्या बोअरची मोटार चालू करायला लावली. दोन तासांनी दोरी वर आली, तेव्हा एकच गाठ ओली होती. तेवढ्यात पाण्याच्या रांगेतल्या केसरबाईची बादली तळाच्या दगडावर खरडली. तो आवाज ऐकून बायनाबाई काठाशी जाऊन आत वाकली. मागच्या बायांनी रिकाम्या घागरी खाली ठेवल्या.

तीन वर्षं आपण बागेला गावविहिरीचंच पाणी पाजलं, हे तिला आत्ता कळलं.

"आदिनाथ, मोटार बंद कर. गाडी माघारी धाड," ती म्हणाली. "निम्मी बाग वाळंल. वाळू दे."

पाणाड्याचा नारळ तिनं विहिरीच्या काठावर फोडून रांगेत वाटला. खालून तिसऱ्या गाठीला आपल्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. ही गाठ कोरडी झाली की गावात पहिली मोटार तिची बंद! अजूनही दर सोमवारी दोरी वर येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागतो.

बायांनो, बापांनो, बोअर माझ्या रानात आहे म्हणून खालचं पाणी माझं होत नाही. बांध वर असतात, खाली पाण्याला बांध नसतो. आधी मोजा, मिळून ठरवा, मगच उपसा.