थोरली जेवत नाही

"दार लाव! आधी दार लाव गं, मग रड!" सासूबाई पलंगावरून ओरडल्या.

डागताईंनी न्हाणीघराचं दार पाठीनं रेटून बंद केलं. आत धाकटी, म्हणजे ओंजळीत मावेल एवढं मांजराचं पिल्लू, बादलीमागे थरथरत होतं. बाहेर थोरली कपाटाच्या माथ्यावर चढली होती. शेपटी फुगून बाटल्या धुण्याच्या ब्रशाएवढी झालेली, आणि डोळ्यांत असा भाव, की या दोन बायकांचं मीठ खाऊन आपणच मूर्ख ठरलो.

"चावली का?"

"नाही हो आई. मध्ये हात घातला म्हणून नख लागलं. तिचा नेम माझ्यावर नव्हता."

"नेम कुणावरही असो, रक्त तुझं आलं ना? धू आधी ते."

धुण्याचं मात्र डागताईंना कुणी सांगावं लागत नसे. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. डागताई हे नावही तिथलंच. तिथला बॉयलर सांभाळणारा, ज्याला सगळे बॉयलरकाका म्हणत, त्यानं ते ठेवलं. "भक्ताला जिथं तिथं देव दिसतो ना," तो म्हणायचा, "तसा आमच्या ताईला जिथं तिथं डाग दिसतो." नवरा गेल्यापासून घरात सासू, सून आणि मनी नावाचं मांजर, असं तीन जिवांचं बिऱ्हाड होतं. धाकटी आली आणि मनीची थोरली झाली.

धाकटी आली ती मळक्या चादरींच्या गाठोड्यातून. वॉर्डातून आलेलं गाठोडं सोडायचं, झटकायचं आणि यंत्राच्या पोटात टाकायचं, हा रोजचा क्रम. त्या दिवशी घाईत झटकायचं राहिलं. गाठोडं आत गेलं, झाकण लागलं, डागताईंचं बोट बटणावर टेकलं, आणि सुईसारखा बारीक आवाज आला. एवढ्या घरघरीत तो त्यांच्याच कानाला कसा पोचला, हे पोचवणाराच जाणे. झाकण उघडलं तर चादरीच्या घडीतून दोन डोळे बाहेर बघत होते. डागताईंनी तिथंच ओल्या फरशीवर बसकण मारली. तेव्हापासून डोळा लागला की त्यांचं बोट बटणाकडे जाई आणि त्या दचकून उठत. अशा जिवाला पुन्हा रस्त्यावर सोडायचं कसं? ज्यानं वाचवलं तो एक दिवस विचारील ना, बाई, तुझ्या ओंजळीत घातलं होतं, त्याचं काय केलंस?

सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सवत आणलीस तिच्यावर. आता बघ."

त्यांची काळजी खोटी नव्हती. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं जग पलंगाएवढं झालं होतं. सून कामावर गेली की दिवसभर बोलायला थोरली. जेवायलाही थोरलीच. ताट मांडीवर आलं की मांजर शेजारी येऊन बसणार, मग या एक घास घेणार, तिच्याशी दोन शब्द बोलणार, दुसरा घास घेणार. ज्या दिवशी मांजर उशिरा येई, त्या दिवशी ताट निवून जाई.

म्हणूनच डागताई जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या होत्या. बाई तरुण होत्या, पण बोलणं समजुतीचं. "घाई करू नका, ताई. दोघींना वेगळं ठेवा. पिल्लाचं अंग, विशेषतः गाल आणि मान, स्वच्छ फडक्यानं पुसा आणि ते फडकं थोरलीच्या ताटलीजवळ ठेवा. थोरलीचं पिल्लाजवळ. आधी नाकाची ओळख होऊ दे, मग डोळ्यांची. फडक्यावर गुरगुरायची थांबली, की मग दार उघडा."

आठवडाभर डागताईंनी हे व्रतासारखं पाळलं. आणि नवल म्हणजे थोरली फडक्यावर एकदाही गुरगुरली नाही! नाक लावायची आणि खाली मान घालून जेवायला लागायची. डागताईंना वाटलं, देव पावला. मोठ्या विश्वासानं त्यांनी आज दार उघडलं, आणि हे महाभारत घडलं.

त्यानंतर थोरलीनं अन्नाला तोंड लावलं नाही.

रात्रीचा मासा तसाच वाळला. सकाळी ताजा ठेवला, तोही तसाच. ती कपाटावरून फक्त पाण्यापुरती उतरे. सासूबाईंनी चहाचा कप परत केला. "ती खाईल तेव्हा माझं बघू."

"आई, तुम्ही हट्ट करू नका हो."

"हट्ट कसला? घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?"

डागताईंनी कामावरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "वय झालंय तिचं. म्हाताऱ्या मांजरानं उपास काढला की यकृतावर येतं. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, नळीनं भरवू. पण तिला ते झेपेलच असं मी सांगत नाही."

डागताईंनी फोन ठेवला. बॉयलरकाका समोरच उभा होता.

"ताई, एक सांगू? राग मानू नका. पिल्लू मला द्या. आमच्या मागच्या कोळशाच्या खोलीत राहील. उंदीर काय कमी आहेत?"

"आणि कुत्री?"

काका फाटकाकडे बघत राहिला. कुत्री होतीच.

"दोन दगडांवर पाय ठेवून कसं चालेल?" तो हळूच म्हणाला. "घरची म्हातारी बघायची की रस्त्यावरचं पोर?"

कोणती म्हातारी म्हणाला हा, दोन पायांची की चार पायांची, ते डागताईंनी विचारलं नाही. दोघींचा जीव एकाच दोरीला टांगलेला होता. "संध्याकाळी या," त्या म्हणाल्या. "येताना झाकणाची टोपली आणा." आणि चादरीत तोंड घालून उगाच डाग शोधू लागल्या.

घरी आल्या तेव्हा दुपारचं ताट झाकलेलंच होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"काका येतोय न्यायला," डागताई म्हणाल्या.

सासूबाई वळल्या. "कुणाला? धाकटीला?" "तिचा काय दोष गं? आणि हिचा तरी काय? एवढं फडक्यांचं केलंस, हिला कळू नये?" मग हात पुढे केला. "दे बरं ते फडकं. बघू दे मला."

सासूबाईंचे डोळे अधू झाले होते, पण नाक शाबूत होतं. दूध उतू जाणार हे त्यांना शेजारच्या घरातलंही कळे. फडकं त्यांनी नाकाशी धरलं, उलटं करून पुन्हा धरलं.

"यात मांजर कुठाय?"

"म्हणजे?"

"यात तुझा दवाखाना आहे नुसता. साबण आणि ते जंतूंचं औषध."

"मळलं होतं ना आई. पुसून झालं की धुऊन, वाळवून, घडी करून ठेवत होते रोज."

"पुसून झाल्यावर धुतलंस?"

"मग काय मळकं फडकं कुणाच्या ताटाशी ठेवायचं?"

सासूबाई बघतच राहिल्या. मग पोट धरून अशा हसायला लागल्या की खोकल्याची उबळ आली. "अगं माझ्या बये! मळच तर पोचवायचा होता! आठवडाभर तू तिची साबणाशी सोयरीक जमवलीस. ती कशाला गुरगुरेल? आणि तिची गादी?"

"तीपण धुतली. परवा."

"झालं! म्हणजे नवी ओळख नाही ती नाहीच, जुन्या घराचीही ओळख पुसलीस. उपाशी बसेल नाहीतर काय करेल?"

डागताई उठल्या. कोरडं फडकं घेऊन न्हाणीघरात गेल्या. धाकटीचे गाल पुसले, मान पुसली, कानामागची धूळ पुसली. फडक्यावर पिवळट डाग उमटला, माशाचा वास, आणखी कशाकशाचा वास. आणि गंमत बघा, त्यांचा उजवा हात आपसूक नळाकडे गेला. पाणी सुरूसुद्धा झालं. डाव्या हातानं त्यांनी तो हात धरून मागे ओढला, जसं रस्त्यात धावणाऱ्या पोराला ओढावं तसा, आणि नळ बंद केला.

फडकं थोरलीच्या ताटलीजवळ ठेवून त्या जमिनीवरच बसल्या. 'देवा, आजवर तुझ्या दारात सगळं स्वच्छ करून आणलं. आज हे मळकं घे.'

तेवढ्यात काका टोपली घेऊन दारात आला. डागताईंनी तोंडावर बोट ठेवलं. तो उंबऱ्यातच उकिडवा बसला.

थोरली उतरली. पाण्याकडे निघाली आणि मध्येच थबकली. मान लांब करून तिनं फडक्याला नाक लावलं, आणि अंगावरचा केस न् केस उभा राहिला. फिस्सकन आवाज करून तिनं पंजा हाणला. फडकं लांब जाऊन पडलं.

"राग तसाच आहे की," काका पुटपुटला.

"राग आहे ना? मग पोचलं तिला," डागताई म्हणाल्या. फडकं उचलून त्यांनी पुन्हा जागेवर ठेवलं.

"काय चाललंय?" पलंगावरून हाक आली. "मला दिसत नाही, कुणीतरी सांगा!"

कुणी सांगितलं नाही. थोरलीनं फडक्याभोवती फेरी घातली. पुन्हा नाक लावलं. पुन्हा गुरगुरली, पण या वेळी पंजा उचलला नाही. न्हाणीघरात धाकटी बारीक आवाजात ओरडली. थोरलीचा एक कान तिकडे वळला आणि वळलेलाच राहिला. ती फडक्याशेजारी बसली, अंग चोरून, तोंड फिरवून. बाहेर उजेड उतरत चालला होता. काकानं पाय बदलला.

मग घशातली गुरगुर न थांबवताच थोरलीनं माशाचा एक तुकडा उचलला.

"अगं सांगा की काय झालं!"

"जेवतेय, आई," डागताईंना एवढंच म्हणता आलं.

काका उठला. रिकामी टोपली त्यानं न्हाणीघराच्या दाराशी ठेवली. "राहू दे इथं, पोर निजेल हिच्यात. फक्त धुऊ नका, ताई."

पुढच्या दिवसांत न्हाणीघराचं दार आधी बोटभर उघडलं, मग वीतभर. दोघींची मैत्री झाली म्हणावं असं काही घडलं नाही. फक्त थोरली आता रात्री त्या टोपलीपासून हातभर अंतरावर निजू लागली, पाठ फिरवून, एक कान मागे ठेवून. जेवणंही तिथंच होऊ लागली. धाकटी ताटलीत तोंड घाली, थोरली चापट देई, आणि मग दोघी खात.

सासूबाईंचं ताट मांडीवर आलं की त्या एकदा तिकडे कान देत. "जेवल्या का गं पोरी?"

"जेवल्या, आई."

"बरं झालं." मग त्या आपला घास घेत, काही न बोलता. पलंग आता पुरता मोकळा होता, पाय सरळ पसरता आले असते. पण त्या भिंतीकडे पाय आखडूनच बसत, शेजारी कुणाला तरी बसता येईल एवढी जागा ठेवून.