रान मोकळं हाय

गोरखला कुणी खोटारडा म्हटलेलं खपत नसे. अंगावर धावून जायचा. तर अशा या माणसाच्या तोंडून एक खोटं निघालं, आणि तेही चहाची बशी फुंकता फुंकता.

शिनोलीच्या वरच्या अंगाला डोंगराचं रान आहे. तिथली डुकरं एका रात्रीत अख्खं वावर उकरून टाकत, म्हणून गोरखच्या घरात आजोबांपासून ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीची, परवान्याची. पण रविवारी पाचसहा जण मिळून रानात हाका घालायचे, ओरडून डुकरं बंदुकीसमोर हाकलायचे, ते काही राखणीला नव्हे. मटण खायला. सगळ्या गावाला ठाऊक, आणि सगळ्या गावाचं तोंड बंद.

दोन हजार चार साली त्याच रानात गोरखची पुतणी वृषाली सकाळची पळायला लागली. थोरल्या भावाची, भिमाजीची पोर. पोलीस भरतीची तयारी चालली होती. डांबरी रस्त्यावर पळाली की जीपवाले हॉर्न मारून पिडायचे, म्हणून तिनं रानातली पायवाट धरली. पोर मोठी शहाणी. कमरेला लाल ओढणी, गळ्यात शिट्टी, आणि रोज दिवेलागणीला काकाच्या ओट्यावर हजर. "काका, उद्या रान मोकळं का?"

हाका असला की गोरख सांगायचा, "उद्या नको, शाळेच्या मैदानात पळ." ती पुन्हा विचारायची नाही. काकाचा शब्द म्हणजे शब्द.

त्या शनिवारी ती आली तेव्हा ओट्यावर फॉरेस्टचा गार्ड चहा पीत बसलेला. आता त्याच्यासमोर काय सांगणार, उद्या आम्ही डुक्कर मारणार आहोत म्हणून?

"मोकळं हाय की!" गोरख म्हणाला. "रान काय माझ्या बापाचं हाय? जा बिनघोर."

गार्ड हसला, वृषालीही हसली आणि गेली. गार्ड उठला की सांगून येऊ, असं गोरखनं मनाशी ठरवलं. चार घरं टाकून तर भावाचं घर. पण गार्ड चांगला जेवूनच उठला, मग टीव्हीवर मॅच रंगात आली, आणि गोरख पसरला तिथंच झोपला.

सकाळी तो ओढ्याच्या वर दगडाआड दबा धरून बसला होता. खालून हाकारे ओरडत येत होते. घाणेरीच्या झुडपात काहीतरी हललं आणि त्यानं बार काढला. झुडूप छातीएवढं होतं, ओढणी दिसलीच नसती, असं तो पुढं स्वतःला पुष्कळदा सांगायचा. कशाची नसती! त्यानं पाहिलंच नव्हतं. हललं आणि त्यानं घोडा दाबला.

मग शिट्टी वाजली. दोनदा तुटक, आणि मग लांबच लांब.

बंदूक टाकून तो धावला. वृषाली वाटेवर बसली होती, पोटरी दोन्ही हातांनी दाबून. बोटांमधून रक्त येत होतं. तिनं वर पाहिलं.

"काका, तुमीच म्हनला व्हता ना, मोकळं हाय?"

बाकीचे गडी केव्हाच पसार झाले. गोरखनं तिला पाठुंगळी घेतली आणि उतरला. पोर पाठीवर कण्हत होती, आणि हा बाबा काय बोलत होता ऐका. "तारेवर पडले म्हन बाय. कुंपनाच्या तारेवर. माझा परवाना जाईल, केस व्हईल." शरम तेव्हाच वाटली होती, पण तोंड थांबलं नाही.

त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, सुई तापवून तीन छर्रे काढले. हळद भरली. पोरीला घरी सोडून आल्यावर एवढंच म्हणाली, "चार घरं चालवलं न्हाई व्हय तुमच्यानं?"

गावानं तार खरी मानली. भिमाजीनंही मानली. वर पोरीलाच चार शिव्या दिल्या, डोळे फुटले का म्हणून.

तिसऱ्या दिवशी वृषाली लंगडत आली. भरतीचं पत्र हातात होतं.

"पुढल्या मंगळवारी मैदान हाय. डॉक्टरचा दाखला आनला तर शेवटच्या दिवशी पळू देतात. म्हंजे बारा दिवस जादा. तोवर पाय भरंल माझा."

"मग आन की दाखला."

"जखम कशानं झाली ते लिवावं लागतं त्यात. गावाला मी तार सांगितली, तुमच्यापायी. कागदावर न्हाई सांगनार. पोलिसात जायचं आन् पयलाच कागद खोटा? तुमी संगं चला काका. चुकून उडाली म्हना. मी बी तेच सांगते."

"उद्या जाऊ," गोरख म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यानं टोमॅटोच्या पाट्या टेम्पोत भरल्या आणि नारायणगावचा बाजार गाठला. माल तासाभरात खपला. पण गडी परतला नाही. वारूळवाडीला सासुरवाडी, तिथं मुक्काम ठोकला. लंकाबाईनं दोनदा निरोप धाडला. पहिल्यांदा त्यानं बाजार चढलाय असं कळवलं, दुसऱ्यांदा कंबर धरलीय असं. मेव्हणे विचारत, दाजी, बरं हाय ना? लाज वाटून तो गोठ्यात जाऊन बसायचा. रोज ठरवायचा, उद्या निघू. रोज जेवायचा आणि झोपायचा. मंगळवार असा बसून घालवला त्यानं.

बुधवारी एसटीत बसला. सगळं सांगून टाकायचं, होईल ते होवो. स्टँडवरून तो थेट भावाच्या घरी गेला. वृषाली ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पोटरीवरची पट्टी लाल झाली होती.

"पळलीस?" त्यानं विचारलं.

"पळले. शेवटच्या फेरीला पायच उचलंना. थोडक्यात गेलं."

"ऊठ," गोरख म्हणाला. "आत्ता घोडेगावला जाऊ. डॉक्टरला सांगतो, पोलिसांना सांगतो. दादाला तर आत्ताच सांगतो. मीच मारली गोळी!"

वृषालीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता नका सांगू काका. मंगळवारच्या आधी सांगितलं असतं तर माझं काम झालं असतं. आता सांगून नुसतं तुमचं मन हलकं व्हनार. आन् माझे आप्पा तुमचं तोंड बघनार न्हाईत, घराची दोन घरं व्हतील, ते बी माझ्या नावावर. ऱ्हाऊ द्या."

गोरख ओट्याच्या कडेला टेकला. तेवढ्यात भिमाजी वावरातून आला. भावाला पाहून त्याला धीर आल्यासारखं झालं. खांद्यावरची टोपली उतरवून तो शेजारी बसला.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "ऐकलंस ना? नापास. लई नाद केला पळायचा, पन पोरीच्या पायात दमच न्हाई. व्हय का न्हाई, तूच सांग."

वृषाली पट्टीची गाठ सोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," गोरख म्हणाला.